शरीरसौष्ठवाची पंच परीक्षा: दोन चॅम्पियनचे दंड शेजारी उभे असतात तेव्हा

गेल्या सीझनमध्ये मी आमच्या जिल्हा संघटनेची शरीरसौष्ठव पंचाची परीक्षा दिली. लेखी, स्टेजसमोर बसून नंबर लावायची प्रॅक्टिकल आणि मग तोंडी. एप्रिलमध्ये ओळखपत्र हातात आलं. फॉर्म भरायच्या आधी मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून खूप शोधलं होतं, तर खेळाडूने काय खावं, किती सेट मारावेत, शेवटच्या आठवड्यात पाणी कसं कमी करावं यावर ढिगाने माहिती, पण समोर ब्लेझर घालून बसलेली माणसं नक्की काय बघतात यावर जवळजवळ काहीच नाही. म्हणून हे लिहितेय. पंच व्हायचं असेल त्यांच्यासाठी आणि स्पर्धा बघून "निकाल कसा काय असा लागला" म्हणत घरी जाणाऱ्यांसाठीपण.

मी डोंबिवलीत फिजिओथेरपिस्ट आहे. क्लिनिकला येणाऱ्यांत जिमवाले बरेच, कुणाचा खांदा, कुणाचं कोपर, कुणाच्या बायसेपच्या (दंडाच्या पुढच्या मसलच्या) टेंडनला सूज. त्यातल्याच एका मुलाचे प्रशिक्षक एकदा बोलता बोलता म्हणाले, "मॅडम, तुम्हाला मसल कुठून निघतो कुठे संपतो हे माहितीय, तुम्ही पंच परीक्षा का देत नाही? बायका फार कमी आहेत आमच्याकडे." तोपर्यंत मी स्पर्धा मैदानात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसूनच बघितल्या होत्या. घरी विचारलं, कुणी नाही म्हटलं नाही, मग ऑगस्टमध्ये फॉर्म आणला.

कागदपत्रं तशी साधी आहेत. आधारची झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो, शिक्षणाचा दाखला आणि संघटनेशी संलग्न असलेल्या व्यायामशाळेचं शिफारसपत्र. हे शेवटचंच खरं काम. मी कुठल्या व्यायामशाळेची सभासद नव्हते, त्या प्रशिक्षकांच्या ओळखीने एका जुन्या व्यायामशाळेने पत्र द्यायचं कबूल केलं पण सही करणारे गृहस्थ गणपतीच्या कामात, मग गावाला, मग पुन्हा नवरात्रीच्या कामात. पत्र हातात येईपर्यंत फॉर्मची मुदत संपत आली होती. तुम्ही करणार असाल तर पत्र आधी मिळवा, फॉर्म मग आणा, आणि पत्रावर व्यायामशाळेचा संलग्नता क्रमांक आहे ना ते तिथेच उभं राहून तपासा, कारण माझ्याबरोबरच्या एका दादांना तेवढ्यासाठी परत पाठवलं होतं. खर्च सांगते. फॉर्म २०० रुपये, कोर्स आणि परीक्षा मिळून २,५००, नियमपुस्तकाची झेरॉक्स आणि बाइंडिंग दीडशेच्या आसपास. पंचांना नेव्ही ब्लू ब्लेझर आणि ग्रे पँट लागते, ती मी शिवूनच घेतली, ३,८०० गेले. ब्लेझर प्रॅक्टिकलच्या दिवशी लागतो, कोर्सला नाही, त्यामुळं आधीच पैसे घालू नका.

कोर्स दिवाळीआधीच्या रविवारी सुरू झाला, एका शाळेच्या हॉलमध्ये. जमलेल्यांत बहुतेक जुने खेळाडू, काही जिमचे मालक, एक बँकेतले काका, आणि बायका मोजक्याच. मला भीती होती की सगळे स्टेजवर उभं राहून आलेले आणि मी टेबलवरचे पेशंट बघून आलेली, मला यातलं काय दिसणार. शिकवणारे सर चाळीस वर्षं या खेळात आहेत. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, मार्क द्यायचे नाहीत, जागा लावायची. म्हणजे दंडाला दहापैकी आठ, पाठीला सात असं काही नसतं. समोर उभ्या असलेल्यांत पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण, एवढंच कागदावर लिहायचं. पंच सात असतील तर प्रत्येक खेळाडूचा एक सगळ्यात वरचा आणि एक सगळ्यात खालचा नंबर काढून टाकतात, उरलेल्या पाचांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज कमी तो पुढे.

मग सरांनी एक गणित सोडवून दाखवलं. दोघांत चुरस आहे, चार पंचांनी अ ला पहिलं धरलं, तिघांनी ब ला. अ कडे चार एक आणि तीन दोन, त्यातला एक एक आणि एक दोन गेला, राहिले तीन एक आणि दोन दोन, बेरीज सात. ब ची तशीच केली की आठ. एका पॉइंटने सगळा निकाल. अ ला पहिलं धरणाऱ्या चौघांतल्या एका पंचाने जरी उलट लिहिलं असतं तरी किताब दुसऱ्याच्या घरी गेला असता. हे बघून हॉलमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. वर्षभर उकडलेली अंडी आणि चिकन खाऊन, कर्ज काढून सप्लिमेंट घेऊन, नोकरी सांभाळून पहाटे जिमला जाऊन ती मुलं तिथे उभी असतात आणि आपल्या पेन्सिलीने ते ठरणार असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

आता दंडांकडे येते, कारण कोर्समधला सगळ्यात मोठा वेळ त्यावरच गेला आणि परीक्षेतही तेच आडवं आलं.

सक्तीच्या, म्हणजे प्रत्येक खेळाडूला द्याव्याच लागणाऱ्या पोझेसमधली पहिलीच पोझ फ्रंट डबल बायसेप, समोर तोंड करून दोन्ही दंड वर नेऊन कोपरात वाकवायचे. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात स्पष्ट दिलंय की या पोझमध्ये पंचाने आधी बायसेप बघायचा, तो भरलेला आहे का, त्याला टोक आहे का, त्याच्या दोन भागांमधली फट दिसते का, मग फोरआर्म (कोपर ते मनगट), मग खांदे, छाती, पोट, मांड्या असं खाली उतरत पोटरीपर्यंत यायचं. म्हणजे स्पर्धेत पंचाची नजर सगळ्यात आधी जाते ती दंडावर. आणि सरांचं म्हणणं होतं की म्हणूनच दंड पंचाला सगळ्यात जास्त फसवतो. आधी जे दिसतं ते डोक्यात बसतं, आणि नवा पंच पुढच्या सगळ्या पोझेसमध्ये त्याच खेळाडूला पहिला धरून चालतो.

टेप स्टेजवर कुणी आणत नाही. जिममध्ये सगळी भाषा इंचांची असते, अमक्याचा अठरा, तमक्याचा एकोणीस. पंचाला त्या आकड्याचा काही उपयोग नाही, कारण पाच फूट चार इंच उंचीच्या मुलावर सतरा इंचाचा दंड डोंगर वाटतो आणि सहा फुटाच्या माणसावर तोच बारीक दिसतो. प्रमाण बघायचं. दंड खांद्याला शोभतो का, फोरआर्म दंडाला शोभतो का, आणि दंडाला पोटरी साथ देते का. आपल्याकडे खूप मुलांचे दंड मोठे आणि पोटऱ्या काड्यांसारख्या असतात, ते डबल बायसेपमध्ये लगेच दिसतं.

माझ्या शिक्षणाचा इथे मला फायदा झाला तो सांगते, म्हणजे ज्यांना अॅनाटॉमी येत नाही त्यांनी काय वाचावं ते कळेल. बायसेपची दोन डोकी असतात आणि तो कोपर नुसतं वाकवत नाही, तळहात फिरवण्याचं कामही करतो. त्यामुळं खेळाडूने मूठ नीट आत वळवून दाबली तर टोक वर येतं आणि मनगट ढिलं ठेवलं तर तोच बायसेप सपाट दिसतो. काहींचा बायसेप कोपराच्या जवळपर्यंत लांब असतो, काहींचा आखूड आणि कोपराशी मोकळी जागा. हे जन्माने मिळतं, व्यायामाने बदलत नाही. आखूड बायसेपला बहुतेकदा टोक छान येतं, लांब बायसेप भरलेला दिसतो. यातला कुठलाही एक आपोआप चांगला नाही, आणि हे सरांनी इतक्या वेळा सांगितलं की पाठ झालं. बायसेपच्या खाली ब्रॅकिअॅलिस नावाचा मसल असतो, तो बाहेरच्या बाजूने बायसेप आणि ट्रायसेपच्या मध्ये पट्ट्यासारखा दिसला तर तो खेळाडू खरंच ड्राय, म्हणजे कातडीखाली पाणी-चरबी न ठेवता आलाय असं समजायचं.

आणि ट्रायसेप, म्हणजे दंडाच्या मागचा मसल. दंडाचा साधारण दोन तृतीयांश भाग ट्रायसेपचा असतो हे जिममधल्या प्रत्येक मुलाला सांगावंसं वाटतं, कारण सगळे आरशासमोर बायसेप कर्ल मारत उभे. फ्रंट डबल बायसेपमध्येसुद्धा दंडाच्या खालून जो भाग लोंबतो तो ट्रायसेपचाच, तो नसेल तर वरचं टोक कितीही उंच असो दंड अर्धाच वाटतो. साइड ट्रायसेप पोझमध्ये खेळाडू हात मागे नेऊन एकमेकांत अडकवतो, कोपर सरळ करून दाबतो. ट्रायसेपचं लांब डोकं खांद्याच्या फऱ्याला जोडलेलं असतं, म्हणून हात शरीराच्या मागे गेला की ते पूर्ण आकसतं आणि घोड्याच्या नालेसारखा आकार उठून येतो. या पोझमध्ये नियमाने खेळाडूला कुठली बाजू दाखवायची ते निवडता येतं, म्हणजे तो आपला चांगलाच हात दाखवणार. मग दुसरा हात कुठे बघायचा? क्वार्टर टर्नमध्ये. हात खाली सोडून उभे असतात, चारही बाजूंना वळवतात, तेव्हा लोक शिट्ट्या मारत नाहीत, कंटाळतात, पण पंचाचं निम्मं काम तिथे होतं. एका बाजूचा दंड दुसऱ्यापेक्षा लहान असेल तर तो तिथे लपत नाही.

पुढच्या रविवारी सरांनी जुने फोटो आणले. दोन माणसांच्या चेहऱ्यांवर कागद चिकटवलेले. सांगितलं, फक्त दंड बघा आणि जागा लावा. अर्थात अर्ध्या वर्गाने लगेच ओळखलं, आर्नोल्ड श्वार्झनेगर आणि सर्जिओ ऑलिव्हा, त्या काळातले दोन सगळ्यात मोठे शरीरसौष्ठवपटू. १९६९ ला मिस्टर ऑलिम्पियात, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत, सर्जिओने आर्नोल्डला हरवलं, १९७० ला आर्नोल्डने सर्जिओला, आणि १९७२ ला जर्मनीत एसेनला पुन्हा दोघे समोरासमोर आले, आर्नोल्ड जिंकला आणि त्या निकालावर लोक अजून भांडतात. आर्नोल्डच्या बायसेपचं टोक म्हणजे त्याची ओळख. सर्जिओचे दंड चारी बाजूंनी भरलेले, फोरआर्म जाड, कंबर एकदम बारीक, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन तो जी पोझ द्यायचा त्यात दंड डोक्यापेक्षा मोठे वाटायचे. वर्गात सरळ दोन तट पडले. बँकेतले काका सर्जिओसाठी इतके तावातावाने बोलले की सरांना थांबवावं लागलं.

मग सरांनी विचारलं, "हात वर नेलेली ती पोझ सक्तीच्या पोझेसमध्ये आहे का?" नाही. "मग ती मनातून काढा आणि पुन्हा लावा." काढल्यावर काहींनी नंबर बदलले, काहींनी नाही. मी सर्जिओलाच दंडात पुढे धरलं होतं आणि तसंच ठेवलं, कारण बाजूने आणि मागून बघितलं तरी त्याचा दंड कुठे कमी होत नव्हता. पण नुसत्या दंडावर स्पर्धा जिंकत नाहीत, हे दाखवायला त्यांनी लगेच नव्वदच्या दशकातला ऑलिम्पिया विजेता डोरियन येट्स याचे फोटो लावले. १९९४ मध्ये त्याचा डावा बायसेप फाटला. त्यानंतरच्या फोटोंत डावा दंड उजव्यापेक्षा आखूड दिसतो, लहान मुलालाही दाखवता येईल इतका. तरी त्याने १९९४ ची ऑलिम्पिया जिंकली आणि १९९७ पर्यंत जिंकत राहिला. पंचांनी तो दंड बघितलाच नाही असं नाही. फ्रंट डबल बायसेपमध्ये तो नक्कीच मागे पडत असणार, पण तो वळला की पाठ, जाडी, कंडिशन (चरबी उतरून मसल किती घट्ट आणि स्पष्ट दिसतो ते), सगळंच इतकं पुढे होतं की एकूण जागा त्याचीच राहायची. एका अवयवाची तुलना एकूण तुलनेत किती वजनाची धरायची, हे मला त्या दोन उदाहरणांतून जेवढं समजलं तेवढं पुस्तकातून समजलं नसतं.

लेखी परीक्षा डिसेंबरच्या सुरुवातीला झाली. नियम, वजनी गट, पोझेस, मसलची नावं, आणि प्रसंग देऊन तुम्ही काय कराल असे प्रश्न. शरीरात तेल टोचून दंड फुगवलेला खेळाडू आला तर काय, हा प्रश्न होता. इंजेक्शनने किंवा इम्प्लांटने मसलचा नैसर्गिक आकार बदलणं नियमात बंद आहे, खेळाडू बादही होऊ शकतो. यावर मी उत्तरात जरा जास्तच लिहिलं, कारण माझ्या क्लिनिकमध्ये असा मुलगा येऊन गेलाय, दंडात गाठ, ताप, हात सरळ होत नाही, शेवटी सर्जनकडे पाठवला. स्टेजवर तो दंड ओळखू येतो, फुगा असतो पण त्यात रेषा नसतात, आकसला तरी आकार बदलत नाही. मुलांनो खरंच नका करू. पंचाला दिसतं आणि हात कायमचा जाऊ शकतो.

लेखीचा निकाल कळायला महिना गेला. त्या काळात मी रोज रात्री जुन्या स्पर्धांचे व्हिडिओ आवाज बंद करून बघायचे, कागदावर पहिले सहा लिहायचे आणि मग निकाल बघायचे. आवाज बंद करणं महत्त्वाचं, निवेदक आणि गर्दी दोघं मिळून तुमचा पहिला नंबर ठरवून टाकतात. नावं ऐकून माहीत असतात त्यांचे व्हिडिओ मी टाळायचे. आपल्याकडे सुहास खामकर, सुनीत जाधव या शरीरसौष्ठवपटूंची नावं सगळ्यांनाच माहीत, ते स्टेजवर दिसले की हात आपोआप एक लिहायला जातो. म्हणून परदेशातले अनोळखी हौशी खेळाडू बघायचे. सुरुवातीला माझे पहिले दोन जुळायचे पण चौथा-पाचवा कधीच नाही. सरांना फोन करून विचारलं तर म्हणाले, "मधले नंबर लावायला सगळ्यात अवघड, पहिल्याला तर रस्त्यावरचा माणूस पण ओळखतो, तुम्ही मधल्यांची पाठ बघा." मग मी बॅक डबल बायसेपवर जास्त वेळ द्यायला लागले. त्या पोझमध्ये मागून दोन्ही दंड, खांद्याचा मागचा भाग, पाठ, पायांचे मागचे मसल आणि पोटरी एकदम दिसतात, आणि समोरून सारखी वाटणारी माणसं मागून वेगवेगळी निघतात.

प्रॅक्टिकल जानेवारीच्या शेवटी, परळच्या बाजूला एका मैदानात. आमच्याकडे परीक्षार्थी पंच खऱ्या पॅनलच्या मागे वेगळ्या टेबलांवर बसतात, त्यांचे नंबर निकालात धरत नाहीत, पण कागद तिथल्या तिथे गोळा करून पॅनलच्या निकालाशी ताडून बघतात. ८० टक्के जुळायला लागतं. पाचची वेळ दिली होती, वजनं आणि उंच्या संपून पहिला गट स्टेजवर आला तेव्हा पावणेआठ. सोबत बाटलीभर पाणी, दोन पेन्सिली, खोडरबर आणि स्वेटर ठेवा, मैदानात रात्री गार होतं आणि ब्लेझरच्या आत जाड काही घालता येत नाही. मोबाईल जमा करून घेतात, घरी आधी सांगून ठेवा.

पहिल्या गटात मला काही सुचेना. इतकी माणसं एका ओळीत, सगळे तपकिरी रंगाचे, सगळे दंड वर. पंधराच्या वर खेळाडू असले की आधी एलिमिनेशन असतं, चारच पोझेस, आणि तेवढ्यात पहिले पंधरा निवडायचे. सरांची युक्ती आठवली, आधी कोण नक्की नाही ते बाजूला काढा. तसं केल्यावर कागद हलका झाला. तिसऱ्या गटापर्यंत हात बसला होता. कम्पॅरिझनला मुख्य पंच दोघातिघांना पुढे बोलावतात, पोझ घ्यायला लावतात आणि मग जागांची अदलाबदल करतात. अदलाबदल कशासाठी ते प्रेक्षकांना बरेचदा कळत नाही. वरचा लाइट मध्ये जास्त पडतो, कडेला उभ्या माणसाच्या दंडावर सावली कमी पडते आणि कटिंग, म्हणजे मसलमधल्या रेषा, झाकलं जातं, म्हणून प्रत्येकाला मधली जागा मिळायला हवी.

सगळ्यात शेवटी किताबाची लढत. गटविजेते सगळे एकत्र स्टेजवर. त्यातले दोघे आधीच्या सीझनपासून एकमेकांना टक्कर देत आलेले, एकदा हा पुढे एकदा तो, मैदानात दोघांच्या नावाचे वेगवेगळे घोळके. मी त्यांना नंबरांनीच ओळखत होते, चौदा आणि बावीस. पहिल्या डबल बायसेपला चौदाने दंड वर नेले आणि मैदान उठलं. टोक खरोखर सुंदर होतं, दोन डोक्यांमधली फट लांबून दिसत होती. बावीसचा बायसेप लांब, भरलेला, पण टोक असं नाही. त्या एका पोझला चौदा पुढे, यात शंका नव्हती, मी तसं बाजूला लिहून ठेवलं.

मग साइड चेस्ट. हात वाकवून छातीला दाबलेला, तिथे फोरआर्म आणि बायसेप एकमेकांवर चढतात. चौदाचा फोरआर्म दंडाच्या मानाने बारीक होता, तो इथे दिसला. बावीसचा हात मनगटापासून खांद्यापर्यंत एकसारखा जाड. बॅक डबल बायसेपला दोघे वळले आणि चौदाचा डावा दंड उजव्यापेक्षा किंचित लहान, खाली ट्रायसेप कमी. बावीसचे दोन्ही सारखे, ब्रॅकिअॅलिसचा पट्टा वेगळा, पाठीला कटिंग. साइड ट्रायसेपला चौदाने उजवी बाजू निवडली, चांगला दिसला. मुख्य पंचांनी त्यांना परत परत बोलावलं, जागा बदलल्या, आणि तेवढ्या वेळात आणखी एक गोष्ट झाली. स्टेजच्या मागे रबर ओढून, पुशअप मारून जो पंप, म्हणजे मसलमध्ये रक्त भरून आलेला फुगवटा, घेऊन येतात तो स्टेजवर उभं राहून उतरत जातो. पाच-सात मिनिटांनी चौदाच्या दंडाचा भरीवपणा कमी झाला, पोट पण ढिलं पडायला लागलं, बावीस शेवटच्या पोझपर्यंत तसाच घट्ट. पोट आणि मांड्यांत दोघांत फार फरक नव्हता, पोटऱ्या बावीसच्या चांगल्या. मी बावीसला पहिला लिहिलं आणि कागद दिला. लिहिताना घोळक्यातून चौदाच्या नावाचा गजर चालू होता आणि माझं काळीज धडधडत होतं हे खरं.

निकाल बावीसच्या बाजूने गेला, अगदी थोडक्या फरकाने. मैदानात बराच आरडाओरडा झाला. चौदाचे पाठीराखे म्हणत होते दंड कुणाचा मोठा ते आंधळ्यालाही दिसलं. मला त्यांचा राग आला नाही, समोरून, लांबून, पहिल्या पोझला त्यांना जे दिसलं ते खरंच होतं. वाईट त्या मुलाचं वाटलं, तो खाली उतरून टॉवेल तोंडावर घेऊन बसला होता आणि त्याला कुणी सांगत नव्हतं की डाव्या ट्रायसेपवर आणि फोरआर्मवर काम कर. आमच्या नियमाने परीक्षार्थींनी खेळाडूंशी बोलायचं नाही, त्यामुळं मला जाता आलं नाही. माझं प्रामाणिक मत आहे की स्पर्धेनंतर खेळाडूला पंचांकडून दोन ओळी मिळाल्या पाहिजेत, कुठे कमी पडलास एवढंच. सगळ्यांना शक्य नसेल तर निदान पहिल्या सहांना. शेवटची लोकल गाठायला धावले, स्टेशनवर बँकेतले काका भेटले, त्यांनी चौदाला पहिला धरला होता, कल्याणपर्यंतच्या गाडीत डोंबिवली येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.

तोंडी फेब्रुवारीत झाली. तीन ज्येष्ठ पंच, समोर माझा कागद. अपेक्षेप्रमाणे त्यांनी किताबाच्या लढतीवरच बोट ठेवलं. पहिल्या पोझला चौदा पुढे लिहिलंय आणि शेवटी बावीस पहिला, का? मी वर लिहिलंय तेच पोझनुसार सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्ही फिजिओ म्हणून बघितलं की पंच म्हणून? यावर मला थांबावं लागलं. मग म्हटलं, डावा दंड लहान आहे हे फिजिओ म्हणून आधी दिसलं असेल, पण तो का लहान आहे, दुखापत आहे का, याचा मी विचार केला नाही, स्टेजवर जे आहे तेवढंच धरलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न नियमांवर गेला. तोंडीला जाताना आपल्या प्रत्येक नंबरामागचं कारण एका वाक्यात सांगता येईल अशी तयारी करा. "एकूण चांगला वाटला" हे उत्तर चालत नाही, माझ्या आधीच्या एकाला त्यावरच वीस मिनिटं बसवलं होतं. कम्पॅरिझनच्या वेळी कागदाच्या कडेला पोझप्रमाणे एकेक खूण करत गेलात तर महिन्याने सुद्धा आठवतं.

ओळखपत्र एप्रिलमध्ये आलं, त्याचे वेगळे ३०० रुपये आणि दर वर्षी नूतनीकरण. पहिला सीझन फक्त लहान गटांना आणि स्थानिक स्पर्धांना बसवतात, किताबाच्या पॅनलवर लगेच घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मानधन फार नसतं, प्रवासखर्च आणि जेवण सुटतं, काही मंडळं शाल-श्रीफळ देतात. रात्री उशीर होतो, त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळचे पेशंट मी आता ठेवत नाही. बायकांसाठी एक सांगते, आयोजकांना आधीच फोन करून कपडे बदलायची जागा आणि टॉयलेट विचारून ठेवा, मैदानातल्या स्पर्धांना ते शेवटच्या क्षणी आठवतं. विचारलं की करतात सोय.

यंदाचे फॉर्म पुन्हा ऑगस्टमध्ये निघतील असं कळलंय. कुणाला भरायचा असेल तर शिफारसपत्राच्या मागे जुलैपासूनच लागा, आणि तोपर्यंत आवाज बंद करून व्हिडिओ बघत मधले नंबर लावायची सवय करा. लेखीसाठी काढलेल्या माझ्या वहीचे फोटो, दंडाच्या मसलच्या आकृत्यांसकट, मागाल त्याला पाठवेन.